रूथच्या कादंबरीसाठी प्रार्थना

अंबरनाथच्या घरगुती प्रार्थनासभेत पाळकसाहेबांनी रूथची छापून आलेली कादंबरी माझ्यापुढे ठेवली. "याकोबदादा, तुम्ही लेखक. हात ठेवून आशीर्वाद तुम्हीच मागा." लेखक! देवानं मला लिहायलाच बोलावलंय, असं मी तरुणपणापासून सांगत आलो. माझी हस्तलिखितं पोस्टानं परत येत राहिली. आणि विठ्ठलवाडीहून परवापरवा यायला लागलेली ही पोरगी म्हणते, "मी कुठं ठरवलं होतं? प्रभूनंच सुचवलं." कव्हरवर हात ठेवला. प्रभू, लोकलनं अंबरनाथला निघालास आणि दोन स्टेशनं आधी विठ्ठलवाडीलाच उतरलास? हे मनात. मोठ्यानं निघालं ते भलतंच: "बापा, जिला हाक मारलीस तिला शब्द दे, जे हाकेची वाट बघत म्हातारे झाले, त्यांना झोप दे." असं वाक्य मला कागदावर कधीच जमलं नव्हतं. रूथनं डोळे पुसले. "दादा, हे पुढच्या कादंबरीत घेऊ?" मी काही बोलण्याआधीच सगळे म्हणाले, "आमेन."