घशाचा आरसा

किन्हीराजा गावचे शेषराव मला पहिल्यापासूनच खटकत होते. आजारी माणसाच्या मानाने ते फारच शांत निजायचे.

त्यांच्या मानेवरची गाठ काढायची होती. अरुंद घशाच्या माणसाचा श्वास क्लोरोफॉर्मखाली अडकतो, म्हणून आदल्या सकाळीच मी त्यांच्या खाटेपाशी बसलो. या दवाखान्यात रुजू होऊन मला आठवडाच झाला होता.

त्यांच्या दातांमध्ये माझी तीन बोटं नीट मावली. मानही सहज मागे झुकली. "आ करा," म्हणत मी दांड्याचा छोटा आरसा आत घातला. घसा लख्ख दिसला.

फारच लख्ख दिसला. हा आरसा आधी दिव्यावर शेकावा लागतो, नाहीतर रोग्याच्या श्वासाने काच धुरकटते. आणि मी तर आज दिवा पेटवलाच नव्हता. पौषातल्या थंडीने आरसा गारठला होता.

"पुन्हा आ करा."

शेषरावांनी लांबलचक 'आ' केला. काच कोरडीच राहिली.

आरशातच काही खोट असेल म्हणून मी तो पुसून स्वतःच्या तोंडापुढे धरला. काच लगेच धुरकटली.

शेषराव दचकून मागे सरकले. "हे काय हो डाक्टरसाहेब? तुमच्या तोंडातून वाफ काहून निघून राह्यली?"

उशाशी बसलेल्या त्यांच्या बायकोने, प्रयागबाईने, नाकाला पदर लावला आणि दाराशी उभ्या असलेल्या कंपाउंडर रामकिसनकडे पाहिलं.

रामकिसनने शांतपणे दाराला आतून कडी घातली.

"मले तं पयल्या दिवसापासूनच शक होता," तो म्हणाला.