नवाबची जास्वंद

मेघा जास्वंदीची कुंडी छातीशी धरून घरात शिरली. करुणाने आधी कुंडी पाहिली, मग लेकीचं तोंड. दोन्ही टवटवीत होती. रविवारी बापाकडून आली की पोरगी अशीच फुललेली असायची.

"रूपालीआंटीनं दिलं, नवाबसाठी," मेघा म्हणाली. "जास्वंद चालते त्याला. पानं खाल्ली तरी काय होत नाय."

नवाब म्हणजे हॉलच्या कोपऱ्यात जाळीच्या उंच घरात राहणारा कॅमेलियन. परदेशी जातीचा, रीतसर कागदपत्रांसकट आलेला, रंग बदलणारा सरडा. राजेंद्रने तो लेकीला वाढदिवसाला दिला आणि चिकलठाण्याच्या या फ्लॅटवर पाठवून मोकळा झाला. भेट बापाची, किडे आणायचं काम आईचं. वाटीतलं पाणी नवाब पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून त्याला जिवंत झाडं लागतात, आणि ती विषारी असून चालत नाहीत, कारण साहेब अधूनमधून पानंही खातात.

ही झाडं पुरवायचं राजेंद्रच्या नव्या बायकोने, रूपालीने, स्वतःहून अंगावर घेतलं होतं. आधी अरेका पाम आला, मग स्पायडर प्लांट. करुणा प्रत्येक झाड मोबाईलवर तपासून घ्यायची. विषारी निघावं असं तिला मनापासून वाटायचं. एकही निघालं नाही, त्यामुळे तिचा आणखीच जळफळाट झाला.

सहा वर्षांपूर्वी फारकत झाली तेव्हा क्रांती चौकामागच्या त्या घरातून ती दोन बॅगा आणि लेक घेऊन निघाली होती. भांडी, कपाट, गॅलरीतली तिची झाडं, सगळं तिथंच राहिलं. नवराही राहिला, पण त्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. लेक तेवढी आणली होती. आणि आता ती बाई दर रविवारी त्या लेकीला थोडी थोडी परत नेत होती.

गेल्या आठवड्यात मेघाने विचारलंच होतं, "मम्मी, दहावीला तिकडं राहू का? शाळा लई जवळ पडते तिकडून." बघू म्हणून करुणाने वेळ मारून नेली होती. तिला नाही म्हणायचं होतं. फक्त कारण हवं होतं.

तिने रूपालीला फोन लावला. "कोणत्या नर्सरीतून आणलं हे? औषध मारलेलं असंल तर मरंल ना तो."

"नर्सरीतलं नाय, ताई. घरचंच हाय. औषध कधीच मारलं नाय." रूपालीने आवाज खाली आणला. "माती तेवढी बदलून घ्या. पण मेघाला नका लावू. तुम्हीच बदला."

फोन ठेवताना करुणाचे कान तापले होते. आता ही बाई मला कामं सांगणार. माझ्या घरात, माझ्या लेकीच्या सरड्यासाठी. आणि घरचंच म्हणे. नर्सरीवाले मातीत खताचे पांढरे दाणे टाकतात, ते तिने वाचलं होतं. नवाबच्या पोटात गेले तर संपलंच. असा एक दाणा सापडला की तो ती मेघाच्या तळहातावर ठेवणार होती. खोटं बोलते ती, बघ. जिला तुझ्या सरड्याची काळजी नाय, ती तुझी काय घेणार? वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं.

तिने बाल्कनीत पेपर पसरला, प्लास्टिकची नवीकोरी कुंडी आडवी करून थोपटली आणि झाड ओढून काढलं. खोड अंगठ्याएवढं जाड होतं. झाड जुनं होतं, छाटून आखूड केलेलं. तिने मुळांतली माती चिमटीने कुस्करली. काळीभोर, पाल्याच्या खताची माती निघाली. दाणा काही दिसेना. ती इरेला पेटून उकरत राहिली. शेवटी कुंडीच्या तळाशी पांढरं काहीतरी चमकलं.

सापडलं, असं म्हणत तिने ते उचललं आणि अंगठ्याने पुसलं.

तो फुटक्या कपाचा तुकडा होता. कडेला निळी रेघ, त्याखाली अर्धं निळं फूल.

माती वाहून जाऊ नये म्हणून कुंडीच्या भोकावर कपाचा तुकडा ठेवायची सवय करुणाची. निळ्या फुलांचे ते कप तिच्या लग्नात आत्याने दिलेले. त्यातला पहिला फुटला त्याच दिवशी तिने त्या घराच्या गॅलरीत जास्वंद लावली होती, शेजारी मोगरा. पण तिची कुंडी सिमेंटची होती. म्हणजे तिचंच झाड या कुंडीत हलवताना हा तुकडा कुणीतरी जुन्या मातीतून वेचून घेतला होता आणि पुन्हा तसाच भोकावर ठेवला होता. फेकून दिला असता तरी कुणाला कळलं नसतं.

तुम्हीच बदला, ती म्हणाली होती.

करुणा पेपरावरच बसून राहिली. लाज वाटली, आणि रडूही आलं. जिभेवरचं वाक्य कुठं गेलं तिलाच कळलं नाही.

मेघा दारात येऊन उभी राहिली. "निघालं का काही? विषारी हाय का?"

"नाय."

करुणाने तुकडा भोकावर नीट बसवला, निळं फूल वर करून. त्यावर नवी माती दाबली, झाड उभं केलं, पानं धुतली. मेघाने ते जाळीच्या घरात ठेवलं. नवाब एक डोळा झाडाकडे आणि एक मायलेकींकडे ठेवून, विचार करत करत फांदीवर चढला.

"दहावीला राहा तिकडं," करुणा म्हणाली. मेघा वळून बघत राहिली. "रविवारी इकडं यायचं. आणि रूपालीला सांग, मोगरा जगला असंल तर राहू दे तिच्याकडंच."