टेकडीवरची खिचडी

मालेगावला पोहे हाणून रिसोडचे पाच मास्तर टेकडीवर सहलीला चढले. दुपारी भुकेनं जीव जायला लागला, अन् खिचडीसाठी आणलेली टिचभर गॅसशेगडी काही पेटेना. नुकत्याच रुजू झालेल्या सरांनी बर्नर खोलला, भोकातला कचरा पिनेनं काढला. भक्कन निळा जाळ लागला.

"वा सर, मानलं तुमाले! आता शिजवा बी तुमीच. पुरं नाव काय हो तुमचं?" हेडमास्तरांनी विचारलं.

"धम्मरत्न पाईकराव."

खिचडी शिजली. सरांनी पाच पत्रावळ्या वाढल्या.

"आमचा तं आज उपास हाये, सर," हेडमास्तर म्हणाले. बाकी तिघांनीही माना डोलावल्या.

हेडमास्तरांच्या मिशीला सकाळच्या पोह्यांवरची शेव अजून चिकटलेली होती.