गिरणीचं नाव

लिहिणाऱ्याचं नाव द्या, नाहीतर पहिले आरोपी तुम्ही. गिरणीमालक जगदेवप्पांच्या वकिलाची नोटीस तीन पानांची होती, पण तिचा अर्थ एवढाच होता. सुगतने ती दोनदा वाचली आणि भरदुपारी दुकानाचं शटर ओढलं.

कर्नाटकातल्या आळंदच्या बसस्टँडजवळ त्याचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. व्यापाऱ्यांच्या वेबसाइट बनवणं हे पोटाचं काम. हौसेचं काम निराळं. या सीमाभागात माणसांना मराठीत लिहायला जागा नाही, म्हणून त्याने ब्लॉगची एक साइट काढली होती. दीडशे जण तिथे लिहीत. 'पाखडणारी' हे त्यातलंच एक टोपणनाव. ही पाखडणारी म्हणजे डाळीच्या गिरणीत काम करणारी भागाबाई, हे फक्त सुगतला ठाऊक होतं.

पंधरवड्यापूर्वी तिने धाकट्या बहिणीबद्दल लिहिलं. मशीनच्या उघड्या पट्ट्यात बहिणीचा पदर अडकला आणि हात कोपरापासून गेला. मालकाने पोती भरेपर्यंत मशीन थांबवलं नाही. हजेरीत तिचं नावच नव्हतं, मग दवाखान्यात तरी कोण नेणार? ते वाचून गाव हादरलं. मोबाइलवरून मोबाइलवर फिरत ते पार उमरग्यापर्यंत गेलं. आता जगदेवप्पांचं म्हणणं होतं की आमच्या गिरणीत असा अपघात कधी झालाच नाही. सुगतला हसू आलं. मालक दुसरं काय म्हणणार?

दुसऱ्या दिवशी तो कलबुर्गीला मैत्रेयीकडे गेला. ती त्याची थोरली चुलत बहीण, व्यवसायाने वकील आणि तोंडाने फटकळ. तिने आधी धीर दिला. ब्लॉगला जागा देणारा घरमालकासारखा असतो, भाडेकरू काय बोलतो त्यासाठी कायदा सहसा त्याला धरत नाही, असं तिने समजावलं. फक्त त्याने स्वतः लिखाणात ढवळाढवळ केलेली नसावी. मग तिने चष्म्यावरून बघत विचारलं,

"तू त्याच्यात काही बदललास का रे?"

सुगतची मान खाली गेली. इकडे राबणारी माणसं मालकाचं नाव तोंडाने घेत नाहीत. ज्याचं मीठ खायचं त्याचं नाव चारचौघांत काढू नये, अशी रीत. लिहितानाही ती 'एक गिरणी', 'एक मोठा माणूस' असंच लिहितात. सुगतला हा नुसता भित्रेपणा वाटायचा, त्यामुळे गाळलेल्या जागा तो स्वतःच भरायचा. भागाबाई जगदेवप्पांकडे कामाला जाते, हे त्याला माहीत होतं. विचारायचं काय त्यात? 'एका गिरणीत' खोडून त्याने 'जगदेवप्पांच्या गिरणीत' केलं, आणि वर मथळ्यातही ते नाव ठळक करून टाकलं.

"हात दाखवून अवलक्षण," मैत्रेयी म्हणाली. "आता तू घरमालक न्हाईस, सुगत. बदनामी असंल तर ती तूच केलास."

एकच वाट उरली होती. लिहिलेलं खरं असेल आणि लोकांच्या भल्याचं असेल, तर ती बदनामी ठरत नाही. म्हणजे भागाबाईने बहिणीला घेऊन कोर्टात उभं राहायला हवं. नाहीतर सुगतला कैदसुद्धा होऊ शकत होती. परतीच्या बसमध्ये त्याने मनाशी पक्कं केलं की भागाबाई नको म्हणाली, तर तिचं नाव कुणापुढे काढायचं नाही. जेल तर जेल. त्याला भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण एका गरीब बाईसाठी आपण उभे आहोत, याचा थोडा अभिमानही होता.

सकाळी तो तिच्या गल्लीत गेला, तर कामाच्या वेळेला सगळ्या बाया उंबऱ्यावर बसलेल्या. मोबाइलवरचं ते वाचून बाहेरच्या व्यापाऱ्यांनी माल उचलणं थांबवलं, असं त्या म्हणाल्या. सोमवारपासून गिरणी बंद होती आणि चाळीस बाया घरी होत्या. हा नुसता बहाणा, जगदेवप्पाने सूड उगवला, सुगतच्या मनात आलं, आणि त्याचं डोकं तापलं.

भागाबाईने जयभीम घातला, पाणी दिलं. आपण दोनदा दुकानावर येऊन गेलो, दोन्ही वेळा शटर बंद होतं, असं ती सांगू लागली. सुगतने तिला पुढे बोलूच दिलं नाही. नोटीस, कोर्ट, साक्ष, सगळं एका दमात सांगून टाकलं. तिचं नाव अजून कुणाला दिलेलं नाही, हेही सांगितलं.

"भिऊ नको, मावशी. बहिणीला घेऊन कोर्टात ये. ह्या जगदेवप्पाला आता सोडायचं न्हाई."

भागाबाईने पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"नाव कामून घातलास रे?"

"तू भिऊन घातली न्हाईस, म्हणून मी घातलो."

"भिऊन न्हाई, लेकरा. बहिणीचा हात गेला तो माझ्या माहेराकडच्या गिरणीत. त्याला बारा वर्सं झाली." तिने पदराने तोंड पुसलं. "मग मी कामासाठी चार तालुके हिंडले. पट्ट्याला जाळी लावल्याली गिरणी ही एकच घावली."