पहिल्या पाण्याचा मान

भागीरथाबाईच्या नळाचं पाणी असं, की मुका प्यायला तर भजनाला बसायचा! म्हणून पहाटेचा पहिला गडवा गरोदर सुनेचा, हा मान तिनं कधी चुकवला नाही. तरी तीनदा सुनेचं पोट पडलं. मग भागीरथाबाईनंच तिला करंटी म्हणून माहेरी धाडलं. आज पाणीखात्याचा माणूस अर्ज घेऊन दारात आला. “आजी, घरातलीही शिशाची नळी यंदा सरकार फुकटात बदलून देते. तोवर सकाळचं पहिलं पाणी नालीत सोडजा. रातभर शिसं त्यातच उतरते. पोटुशीले तर देऊच नका.” “काहून गा?” “गर्भ टिकत नाही ना!” भागीरथाबाई नळाकडं पाहत राहिली. “घरात माणसं किती, आजी?” तिनं सावकाश बोटं मोजली. “मी, पोरगा, सून… अन् तीन लेकरं. सहा लिही.” “सहाजणांले मोठी नळी मंजूर होते,” तो खुशीत म्हणाला.