कोपऱ्यापर्यंत

टेम्पोवाला रोज सकाळी आपला तीनचाकी टेम्पो दारापासून गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत ढकलत न्यायचा. शेजारचा मेकॅनिक चिडवायचा, “भंगारात काढ हा डबा!”

एकदा त्यानेच मागून हात लावला. कोपऱ्यावर टेम्पो पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

“अरे, हा तर ठणठणीत आहे!”

“त्याला काय धाड भरलीय? पण खिडकीशी माझी चिमणी झोपलेली असते. डॉक्टर म्हणाले, धुरानं तिच्या पेशी वयाआधीच म्हाताऱ्या होतायत. चार वर्षांची आहे रे ती.”

दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या मागोमाग मेकॅनिकही आपली मोटरसायकल ढकलत निघाला.

“मेकॅनिकचीच गाडी बंद!” गल्ली खो खो हसली.

तो ढकलता ढकलता म्हणाला, “टेम्पोची लागण झालीय हिला.”