बाहेरचं काही नको

"हे लिहिलंय कुणी?" ताईंनी विचारलं.

"देव जाणे. कुणीतरी फुकट वाटलं, तुमच्याकडे आधी काम करणाऱ्याने उचलून आणलं," प्रोग्रामर म्हणाला.

कॉम्प्युटरच्या पडद्यावर तारखा नीट मांडून देणारं एक मॉड्यूल, म्हणजे प्रोग्रामचा तयार तुकडा, होता. काम एवढंसं, पण आसऱ्यातल्या बायकांचे पत्ते ते गुपचूप बाहेर पाठवत होतं. मारकुट्या नवऱ्यांपासून पळून आलेल्या बायकांना ताई गावभर वेगवेगळ्या खोल्यांत लपवून ठेवत. गेल्या महिन्यात दोघींचे नवरे थेट दारात उभे राहिले. एक अजून दवाखान्यात होती. दुसरी वाचली नाही.

तेव्हा हा प्रोग्रामर आपणहून मदतीला आला. पैसे नको म्हणाला. का, असं ताईंनी विचारलं, तर "माझ्या घरातही हे झालंय" एवढंच बोलला. अशा ठिकाणी कुणी खोदून विचारत नाही.

"आता बाहेरचं काही नको," तो म्हणाला. "तुमचा प्रोग्राम ज्या नोडवर चालतो, त्याच्यासोबत स्वतःची मॉड्यूल येतातच. फाइल वाचायला, नेटवर बोलायला, मजकुराला कुलूप घालायला. ती घरची. सगळं त्यांच्यावरच उभं करू."

चहा घेऊन आलेली स्वयंपाकीणबाई आसऱ्यातच राहायची. नवऱ्याच्या कृपेने तिचा एक कान कामातून गेला होता. "घरचं म्हणून भरवसा?" ती म्हणाली. "इथं मोठ्यानं बोलू नका हो, बायका हसतील."

तोही हसला आणि कामाला लागला. मान मोडून काम केलं त्याने. उपरं एकेक मॉड्यूल उपटून काढलं, जुने पत्ते पुसले, नवे कुलपात ठेवले. किल्लीचा शब्द ताईंनी टाइप करायचा होता, तेव्हा तो स्वतःच पाठ करून उभा राहिला. "मलासुद्धा कळता कामा नये," तो म्हणाला. ताईंचा जीव भांड्यात पडला. पुरुषाला पत्ता सांगायचा नाही, हा इथला नियम होता. ताईंच्या सख्ख्या भावालाही तो कधी कळला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने ताईंना हाक मारली.

"जुनं मॉड्यूल काढण्याआधी आणखी एक पत्ता गेलाय. सगळ्यात शेवटची नोंद."

ताईंनी फोन जवळ ओढला. "ती लेकीला घेऊन आलीय हो. पोर पाच वर्षांची आहे."

फोन लावला, तो बंद. बंद ठेवायला ताईंनीच बजावलं होतं. आसऱ्याची गाडी कोर्टात गेलेली.

"माझी गाडी खाली आहे," तो म्हणाला.

"पण नियम..."

"मग राहू द्या. तिचा नवरा निघाला नसेल, असं धरून चालू."

ताईंनी नियम मोडला. "स्टेशनामागची गल्ली, तिसरा मजला. ताईंनी पाठवलंय म्हणा. त्याशिवाय ती दार उघडणार नाही."

तो पळतच सुटला. वाटेत प्रत्येक सिग्नलला त्याने शिव्या घातल्या. महिनाभर धड झोप नव्हती. आता चुकामूक झाली, तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. जिने चढताना त्याला धाप लागली. तिसऱ्या मजल्यावर एकच दार होतं, बाहेर लहान सँडल.

त्याने हळूच टकटक केली.

"ताईंनी पाठवलंय."

आत भांड्यांचा आवाज थांबला. कुणी हललं नाही. मग कुणीतरी दुडुदुडु धावत दारापाशी आलं.

"आई, अगं बाबा आलेत!" पोरगी आनंदाने ओरडली, आणि कडी निघाली.